पाणलाव्याचं उट्टं

तोंडावर मी त्याला भावजी म्हणत असे. ‘भावजी, चहा घ्या.’ ‘भावजी, पानं वाढलीयत.’ अहो-जाहो सोडून कधी बोलले नाही, कारण तो आमच्या घरचा थोरला जावई आणि आम्ही मुलीकडचे. मनात मात्र एका रविवारनंतर तो माझ्यासाठी कायमचा एकेरी झाला. आता त्या गोष्टीला आयुष्य उलटून गेलंय, तेव्हा इथे मी मनातलंच लिहिणार.

आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो, रुळांच्या पूर्वेला. एका बैठ्या बंगलीचा पुढचा भाग बाबांनी भाड्याने घेतला होता. मागच्या दाराने बाहेर पडलं की भाताची खाचरं लागायची. ती संपली की गवताळ, ओलसर पट्टा, त्यापुढे मिठागरं आणि मग खाडी. हे पन्नासच्या दशकाच्या अखेरीचं. मी जवळच्या शाळेत शिकवत होते, लग्न झालेलं नव्हतं आणि घरात त्याची रोज आठवण करून दिली जात होती. त्यातून सुटायची माझी एक वाट होती. आमच्या गल्लीत कॉलेजातून निवृत्त झालेले प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक राहत. आम्ही त्यांना सर म्हणायचो. हिवाळ्यात ते खाडीकडच्या पाणथळीत जाळी लावून पक्षी धरायचे, त्यांच्या पायात ॲल्युमिनियमचं हलकं कडं घालायचे आणि सोडून द्यायचे. कड्यावर एक आकडा असायचा आणि शहरातल्या एका संस्थेचा पत्ता. जगात कुठेही तो पक्षी सापडला तर तिथे कळवावं, म्हणजे तो कुठून कुठे जातो हे समजेल, एवढाच हेतू.

शाळा सुटली की मी सरांबरोबर जायची. बाबांना ते चाललं, कारण सर वयाने त्यांच्याहूनही मोठे. आईला चाललं नाही, पण तिने ते सोडून दिलं. ‘चिखलात लोळून काळी झालीस तर कोण करील तुला?’ एवढंच ती अधूनमधून म्हणायची.

जाळं इतकं बारीक आणि काळं असायचं की तिन्हीसांजेला समोर उभं राहूनही दिसत नसे. पाणलावे दिवसभर गवतात दडून बसतात आणि उजेड सरताना चरायला उडतात. मुठीत मावेल एवढा पक्षी, पण चोच अंगाच्या मानाने भलतीच लांब. चिखलात ती खुपसून तो किडे ओढून काढतो. मातकट, काळ्या-पिवळ्या रेघांचं अंग. पायाशी बसला असला तरी दिसत नाही, आणि उठतो तो एकदम घसा खरवडल्यासारखा ओरडत, डावीउजवीकडे हेलकावे घेत. शिकाऱ्यांना तो मारायला आवडतो तो यासाठीच. नेम धरणं कठीण, आणि मांस चविष्ट.

माझ्या हाताने कडं घातलेला पहिला पक्षी पाणलावाच होता. सरांनी त्याची मान माझ्या दोन बोटांच्या बेचक्यात दिली आणि म्हणाले, “घट्ट नको. सैलही नको. त्याला वाटलं पाहिजे की सुटता येणार नाही, आणि दुखताही कामा नये.” त्याचं काळीज माझ्या तळहातावर इतकं जोरात उडत होतं की माझंच हलतंय असं वाटलं. पकडीने कडं बंद करताना मी श्वास रोखून धरला होता. सोडला तेव्हा तो माझ्या हातावर शिटला आणि ओरडत अंधारात गेला. त्याचा आकडा मी घरी येईपर्यंत घोकत होते.

पुढच्या हिवाळ्यात, थंडी नुकती पडायला लागली असताना, तोच पाणलावा त्याच पट्ट्यात, जवळजवळ त्याच जागी पुन्हा जाळ्यात आला. सरांनी कंदिलाच्या उजेडात कडं फिरवून आकडा वाचायला सुरुवात केली आणि मी तो मध्येच पुरा केला. सर माझ्याकडे बघत राहिले. हिमालयापलीकडे कुठेतरी उन्हाळा काढून, अंडी-पिल्लं करून, हा मुठीएवढा जीव मुलुंडच्या या गवतात परत आला होता. मला तोवर आयुष्यात कुणी असं शोधत आलं नव्हतं. हे वाक्य आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला अगदी तसंच वाटलं होतं.

आता भावजी. तो सांताक्रूझला राहायचा आणि एका मोठ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. गाडी होती, दुनळी बंदूक होती, तिचा परवाना होता. ताईशी लग्न ठरलं तेव्हा ताई इंटरला होती. ‘शिकू द्या की, आमची ना नाही,’ असं त्याने बाबांना सांगितलं होतं. लग्नानंतर ताईने कॉलेजचा विषय काढला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “तू पास होऊन काय करणार आहेस? माझी टाय बांधणार आहेस का इंग्रजीत?” ताईने पुन्हा विषय काढला नाही.

हिवाळ्यात दर दोन-तीन रविवारांनी तो ताईला घेऊन आमच्याकडे यायचा, ते सासुरवाडीच्या प्रेमाने नव्हे. आमच्या मागच्या दाराशी शिकार होती. भल्या सकाळी रेल्वेच्या फाटकाशी त्याच्या गाडीचा भोंगा ऐकू यायचा. चहा घेऊन तो मिठागरांकडे निघे आणि उन्हं चढली की पक्षी कमरेच्या पट्ट्याला लटकावून परत येई. मग ते मोरीत टाकायचा आणि ओरडायचा, “चला, कामाला लागा.” पिसं काढायचं काम ताईचं. आमच्या घरात मासे-मटण चालायचं, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पण ताईला रक्ताचा वास लहानपणापासून सहन व्हायचा नाही. ती तोंडाने श्वास घेत, भिंतीकडे बघत पिसं उपटायची. एकदा पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, “आमच्या हिला बाकी काही येत नाही, पण पाणलावा सोलावा हिनेच.” सगळे हसले होते. ताईही हसली होती.

मी कडी घालते हे त्याला माहीत होतं. त्याला ते पोरखेळ वाटायचं. मी त्याला एकदा सांगितलंही होतं, “भावजी, त्या गवताच्या पट्ट्यात नका ना मारू. तिथे आमची जाळी असतात.” तो म्हणाला, “वा! म्हणजे तुम्ही धरायचं ते शास्त्र आणि आम्ही मारायचं ते पाप?”

संक्रांतीनंतरचा रविवार होता. मोरीत ढीग पडला होता. मी ताईला हातभार लावायला बसले. तिसरा की चौथा पाणलावा उचलला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. पायात कडं होतं. मी ते फिरवलं नाही, वाचलं नाही. तरी मला कळलं. मग वाचलं.

ताईने विचारलं, “काय गं?”

मी उठून बाहेरच्या खोलीत गेले. तो आरामखुर्चीत बूट काढत बसला होता, बाबा समोर पेपर घेऊन. मी पक्षी पुढे धरला. “भावजी, हा माझा आहे.”

त्याने कडं बघितलं, त्यावरचा पत्ता मोठ्याने वाचला आणि इतका हसला की त्याला खोकला आला. “अगं, मग बरोबरच आहे! तूच पत्ता घालून पाठवलास ना? घ्या, घरपोच आला. पोस्टमनला बक्षिसी दे आता!”

बाबाही हसले. जावई हसला की बाबा हसत. आई आतून म्हणाली, “पाखरूच ते. एवढं काय तोंड करून उभी राहिलीस?”

मी म्हणाले, “निदान कडं तरी द्या. ते संस्थेकडे परत पाठवायचं असतं.”

त्याने खिशातून चाकू काढला, पाय कापला, कडं सोडवलं आणि आपल्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. “हे माझं मेडल,” तो म्हणाला. “मेहुणीबाई, तुम्ही दुसरं घाला.”

दुपारी तो पाणलावा त्याच्याच पानात गेला. मी पाहत होते. त्याने हाडं चघळून पानाच्या कडेला नीट ओळीने मांडली. “मेहुणीबाई नाही घेत?” त्याने मला विचारलं. मी दहीभात जेवले. जेवताना मी ठरवलं की या माणसाची जिरवायची. कशी ते ठाऊक नव्हतं. पण रडायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही, एवढं नक्की केलं.

संध्याकाळी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. “परवाना आहे त्यांच्याकडे,” ते शेवटी म्हणाले. “कायद्याने चूक नाही. आपला पक्षी कुठे संपला हे कळलं, हीसुद्धा माहितीच असते.” ते मनाने फार मोठे होते. त्या दिवशी त्यांच्या मोठेपणाचाही मला राग आला.

पुढच्या वेळी तो येणार असल्याचं कळलं तेव्हा मी फटफटायच्या सुमाराला उठून मागच्या दाराने बाहेर पडले. पाणलाव्याबद्दल जे जे सरांनी शिकवलं होतं ते आता मी त्याच्याविरुद्ध वापरणार होते. पाणलावा एकदा उठवला की लांब चक्कर मारून पुन्हा तिथेच उतरतो. दुसऱ्यांदा उठवला तरी आसपास घुटमळतो. पण उसंत न देता पुन्हा पुन्हा उठवला की खाडीपार निघून जातो आणि त्या दिवसात परत येत नाही. मी पट्टा उभा-आडवा तुडवला. पट्ट्यालगतच्या तळ्यातल्या रानबदकांवर ढेकळं फेकली. फाटकाशी भोंगा वाजला तेव्हा मी मागच्या दाराशी पायावर पाणी ओतत होते.

तो दोन पक्षी घेऊन परत आला. “आज काही जमलं नाही,” म्हणाला. त्याच्या पुढच्या खेपेला एकच. बाबांना सांगत होता, “साला, कुणीतरी आधी येऊन मारून जातंय.” मी त्याच्या कपात चहा ओतत होते. मी साखर विचारली. किती दिवसांनी मला चहा करताना इतकं बरं वाटत होतं.

पण एवढ्याने माझं भागेना. रिकाम्या हाताने परत येण्याची त्याला चीड होती, शरम नव्हती. मला त्याची शरम बघायची होती.

संधी त्यानेच आणून दिली. फेब्रुवारीत ताई एका शनिवारी दुपारीच एकटी आली. रविवारी त्याच्या कंपनीचे मोठे साहेब शिकारीला येणार होते. साहेब उत्तरेकडचे, बंदुकीचे शौकीन. ‘आमच्या सासुरवाडीच्या मागे इतके पक्षी असतात की डोळे मिटून मारले तरी पडतील,’ असं तो ऑफिसात सगळ्यांसमोर बोलून बसला होता. शिकार करायची आणि मग आमच्याच घरी तिचं जेवण, असा बेत. आई दुपारपासून मसाला भाजत होती.

रात्री आम्ही दोघी बहिणी पूर्वीसारख्या एका अंथरुणावर पडलो. मी कूस बदलत होते. ताई एकदम म्हणाली, “मागच्या दोन्ही वेळी तूच उठवलेस ना पक्षी?”

मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

“तुझ्या परकराला चिखल होता. मी धुतला.”

“सांगणार आहेस का त्यांना?”

ती माझ्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, “एकटीने किती पट्टा होणार तुझ्याच्याने? मी येते.”

“ताई, त्यांना कळलं तर?”

“कळू दे. मला पिसं काढायचा कंटाळा आलाय.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण अंधारात तिने माझं मनगट धरलं ते दुखेपर्यंत.

झुंजूमुंजू व्हायच्या वेळी आम्ही निघालो. जाताना ताईने अंगणातली कपडे वाळत घालायची काथ्याची दोरी सोडून घेतली. ही तिची युक्ती. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोघी लांब-लांब उभ्या राहिलो आणि दोरी गवतावरून ओढत चालू लागलो. धुकं होतं. थंडीने पाय बधिर झाले होते. दोरी पुढे सरकली की गवतातून एकेक पाणलावा ओरडत उठे, आणि ताई प्रत्येक वेळी दचकून हसायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस सुटलेले. लग्नानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. खाडीच्या बाजूला पक्ष्यांचे ठिपके लांब लांब जात होते. मग तळ्याकडे. बदकं एकाच झपाट्यात उठली आणि ऐरोलीच्या दिशेने दिसेनाशी झाली. तुतवार, चिखल्या, शेकाटे, कुठल्याच पाणपक्ष्याला आम्ही बसू दिलं नाही. उजाडलं तेव्हा त्या सगळ्या पाणथळीत दोन बगळे उरले होते.

घरी आलो तर आई अंगणात उभी. “दोरी कुठे गेली गं? धुणं कशावर टाकू?” ताईने पदराआडून दोरी काढून दिली. आईने दोरीचा चिखल बघितला, आमचे पाय बघितले, आणि फाटकाशी भोंगा वाजला म्हणून ती घाईने आत गेली.

साहेब मोठे दिलखुलास निघाले. चहा घेताना त्यांना कळलं की मी पक्ष्यांचा अभ्यास करते, तर म्हणाले, “मग बेटी, तूच चल. जागा दाखव.” भावजीला ते आवडलं नाही, पण साहेबांपुढे तो बोलणार काय? मी चप्पल घातली आणि दोन बंदुकांच्या पुढे चालू लागले.

मी त्यांना चांगल्यातली चांगली जागा दाखवली. अगदी खरी. “इथे असतात नेहमी,” मी म्हणायची, आणि मग आम्ही तिघं स्तब्ध उभे राहायचो. गवत हलत नसे. भावजीने टाळ्या वाजवल्या. ढेकूळ मारलं. गुडघाभर चिखलात उतरून बंदुकीच्या दस्त्याने गवत झोडपलं. “परवापर्यंत होते, सर. भरपूर होते,” तो साहेबांना पुन्हा पुन्हा सांगत होता. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. थंडी होती त्या दिवशी.

“तळ्यावर बघू या का, भावजी?” मी विचारलं. तळ्यावर बगळेही राहिले नव्हते.

परतताना मात्र बांधाच्या कडेला, भावजीच्या थेट पावलाखालून, एक पाणलावा उठला. कुठून आला, कसा राहिला, कोण जाणे. वाकडातिकडा न जाता तो बेटा सरळ रेषेत, आमच्या समोरून उडाला. पोराने गोफणीने पाडावा असा. साहेब म्हणाले, “तुमचा, तुमचा!” भावजीने बंदूक खांद्याला लावली आणि दोन्ही नळ्या झाडल्या. आवाजाने माझे कान बंद झाले. धूर गेला तेव्हा पाणलावा मिठागरांवरून खूप लांब, सुखरूप चालला होता.

साहेबांनी भुवया उंचावल्या. “रविवार आहे आज,” ते हसत म्हणाले. “त्याचीही सुट्टी असेल.” भावजीच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. मला हवं होतं ते हेच होतं. मी ते अगदी निरखून, सावकाश बघितलं.

घरी आईची तारांबळ उडाली. वाटलेला मसाला तसाच राहिला. रविवारच्या त्या वेळी बाजारात मटण कुठलं मिळणार! तिने आदल्या दिवशी मोड आणून सोललेले वाल होते, तेच शिजवले. पानं मांडली. साहेबांनी वाटीत बोट बुडवून चाखलं आणि मान डोलावली. “बहोत बढिया! इसको क्या बोलते हैं, माताजी?”

आई पदर सावरत म्हणाली, “बिरडं.”

साहेब क्षणभर थांबले आणि मग पान हलेल इतक्या जोरात हसले. “बर्ड! अरे भाई, आखिर बर्ड मिल ही गया आपके यहाँ!”

बाबा हसले. आईला काही कळलं नाही, पण तीही हसली. मी आणि ताई वाढत होतो. ताईने नवऱ्याच्या पानात बिरड्याचा मोठा डाव वाढला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “घ्या ना अजून.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हा किस्सा ऑफिसात सांगितला. महिनाभरात तिथे भावजीचं नावच बिरडं पडलं. शिपायांपर्यंत गेलं. ही बातमी ताई मला दर खेपेला नव्याने सांगायची, आणि मी दर खेपेला नव्याने ऐकायची.

याची किंमत मलाही पडली. त्या आठवड्यात सरांची जाळी रिकामी आली. पुढच्या आठवड्यातही जवळजवळ तीच गत. ओल्या मातीत दोरी ओढल्याचे माग अजून होते आणि सरांना माग वाचता येत असत. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सगळं सांगितलं. ते खूप चिडले, म्हणजे त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

“ते पाखरू महिन्याभरात हिमालय ओलांडायला निघेल. त्याच्यासाठी अंगावर चरबी साठवत असतं ते. तू त्याला पुन्हा पुन्हा उठवलंस, ते तुझ्या मेहुण्याची जिरवायला?”

“हो, सर.”

“पश्चात्ताप होतोय का?”

“नाही, सर. त्या सकाळी मारला तर एकही गेला नाही.”

त्यांनी पकड आणि कड्यांची पेटी माझ्या हातून घेतली. “या हिवाळ्यात पुन्हा येऊ नकोस.”

मी गेले नाही. पाणलावे जाईपर्यंत संध्याकाळी मागच्या दारात बसून वह्या तपासायची आणि सरांचा कंदील दूर हलताना बघायची. वाईट वाटायचं. पण ती सकाळ परत द्यायला कुणी सांगितलं असतं तर मी दिली नसती, आजही देणार नाही.

पुढचं सगळं दिवाळीत झालं. पाडव्याला तो जेवायला आला. बाबांनी सहज विचारलं, “काय जावईबापू, यंदा बंदूक कधी काढताय? थंडी पडेलच आता.”

तो म्हणाला, “छे, तुमच्याकडे आता पक्षी राहिलेत कुठे!”

मला ते गप्प ऐकून घेता आलं असतं. पण मग त्याला कधीच कळलं नसतं, आणि ज्याचा सूड घेतला त्याला कळलंच नाही तर तो सूड कसला? मी हातातलं भांडं खाली ठेवलं. “आहेत की, भावजी. यायला लागलेत. त्या दिवशीही होते. तुम्ही यायच्या आधी मी उठवून लावले.”

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकताना मला दिसली: रिकामा पट्टा, रिकामं तळं, साहेबांचं हसणं, ऑफिस. तो पाटावरून अर्धवट उठला. “तू? तू एकटीने?”

“एकटीने नाही,” दारातून ताई म्हणाली. तिच्या हातात ओवाळणीचं तबक होतं. “दोरीचं दुसरं टोक मी धरलं होतं.”

बाबा माझ्याकडे बघत होते, आई ताईकडे. मला वाटलं तो ओरडेल. त्याने ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. पण तो ताईकडेच बघत राहिला, जणू ही बाई आपल्या घरात इतकी वर्षं राहते हे त्याला आत्ताच कुणी सांगितलं होतं. मग त्याने कोट घेतला. “चल,” तो तिला म्हणाला.

“मी चुलतभावांची भाऊबीज करून येईन,” ताई म्हणाली. “आणि जूनपासून मी कॉलेजात जाणार आहे. आत्ताच सांगून ठेवते.”

तो गेला. पान तसंच राहिलं. आई मला बोल बोल बोलली. बाबांनी तर दोन दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. भाऊबीज झाली, पुढे आणखी आठ-दहा दिवस झाले, तरी ताई आमच्याकडेच होती. तेवढ्यात त्याचे दोन निरोप आले, एक रागाचा आणि एक बिनरागाचा. दुसऱ्यावर ती गेली.

जूनमध्ये तिने खरंच नाव घातलं. त्याने हरकत घेतली नाही. का घेतली नाही ते मला कधी कळलं नाही, ताई म्हणायची, “घाबरतो तो मला आता थोडा.” बंदूक त्याने ऑफिसातल्याच कुणाला तरी देऊन टाकली आणि पत्ते खेळायला लागला. माझ्याशी तो पुढे कैक वर्षं सरळ बोलला नाही. शेजारी बसलेली असले तरी आईला म्हणायचा, “तिला सांगा, मीठ वाढ.” मी मीठ वाढायची. चिमूटभर जास्तच.

त्याच दिवाळीनंतर सर स्वतः आमच्या दारात आले. “जाळी फाटलीयत,” म्हणाले. “माझ्या डोळ्यांना आता दोरा दिसत नाही.” मी सुई घेऊन गेले आणि दोन संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून जाळी शिवली. मेहुण्याचा विषय ना त्यांनी काढला ना मी. तिसऱ्या दिवशी त्यांनी कड्यांची पेटी माझ्यापुढे सरकवली, आणि आम्ही उजेड असतानाच बांबू खांद्यावर घेऊन खाडीकडे निघालो.